घरच्या मशीनवर बीपी मोजताना: सात दिवसांची मोजणी, पायरीपायरीने

वडिलांची बीपीची वही हातात घेतली तेव्हा पहिल्या पानावरच शंका आली. १४०/९०, १३०/८०, १५०/९०, १४०/८०. महिनाभराच्या नोंदी आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी शून्य. डिजिटल मशीन असं कधी दाखवत नाही. विचारलं तर म्हणाले, "१४३ काय नि १४० काय, लिहायला सोपं पडतं." मग ते मोजत असताना मी शेजारी बसले. वडील दूध घेऊन जिना चढून आले, टेकले, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, हात मांडीवर ठेवला आणि बटण दाबता दाबता आईला दुधाचा हिशोब सांगू लागले. आकडा आला १५८. याच वहीच्या भरवशावर पुढच्या आठवड्यात गोळीचा डोस वाढणार होता.

नंतर सात दिवस नीट मोजलं. सरासरी १३१ आली. डोस होता तोच राहिला.

मोजणीच्या या चुका घरोघरी होतात, आणि त्यातली प्रत्येक चूक आकडा नेमका किती हलवते हे गेल्या तीन-चार वर्षांत बऱ्यापैकी मोजलं गेलं आहे. ते आकडे हाताशी धरूनच हा क्रम लिहिला आहे. क्रम बदलू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्या चुकल्या तर पुढे कितीही काटेकोर मोजलं तरी उपयोग नाही.

पायरी १: मशीन आणि पट्टा

मशीन दंडावर बांधायचंच घ्या. मनगटाचं मशीन हलकं आणि सोयीचं असतं, पण मनगट हृदयाच्या उंचीवर स्थिर धरणं बहुतेकांना जमत नाही. घड्याळं आणि अंगठ्या बीपी दाखवतात खऱ्या. पण २०२४ ची युरोपीय आणि २०२५ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही सांगतात की पट्टा नसलेल्या अशा उपकरणांवरून निदान करू नये आणि औषधही ठरवू नये. पावलं मोजायला घड्याळ ठीक आहे.

खोक्यावर 'क्लिनिकली टेस्टेड' छापलेलं असलं म्हणजे ते मॉडेल प्रमाणित असतंच असं नाही. ऑस्ट्रेलियात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या उपकरणांची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. दंडावर बांधायच्या मशीनमध्येही जेमतेम पाचातलं एक प्रमाणित निघालं आणि मनगटावर घालायच्या घड्याळासारख्या उपकरणांत एकही नाही. म्हणून विकत घेण्याआधी 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावरच्या यादीत मॉडेलचा नंबर शोधा. कंपनीचं नाव पुरत नाही, कारण एकाच कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि दुसरं नसतं.

आता पट्टा. त्याला कफ म्हणतात, पण मराठी घरात कफ म्हटलं की खोकलाच आठवतो, म्हणून मी पट्टाच म्हणते. मशीनपेक्षा जास्त घोटाळा हा पट्टा करतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १९५ प्रौढांवर केलेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना मोठा पट्टा हवा होता त्यांना नेहमीच्या मापाचा बांधला, तर वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागत होता त्यांच्यात हा फरक १९.५ झाला. म्हणजे खरं बीपी १२५ असलेला जाड दंडाचा माणूस घरबसल्या १४४ चा रुग्ण ठरतो. उलट ज्यांना लहान पट्टा लागत होता त्यांचा आकडा ३.६ ने कमी आला.

दंड असा मोजा: कोपर काटकोनात वाकवा, खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधोमध पेनाने खूण करा. मग हात सैल सोडून त्या खुणेवर शिवणकामाची टेप फिरवा. आलेला आकडा पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. पट्ट्यावर सहसा २२ ते ३२ किंवा २२ ते ४२ सेंटीमीटर असं लिहिलेलं असतं. दंड ३४ आणि पट्टा ३२ पर्यंतचा असेल, तर त्याच कंपनीचा त्या मॉडेलसाठीचा मोठा पट्टा वेगळा मागवा. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळी बसते म्हणून जोडू नका.

*तपासा:* एकाच मशीनवर घरातले सगळे बीपी मोजत असतील तर प्रत्येकाचा दंड मोजा. आजीचा २१ आणि नातवाचा ३६ असेल तर एका पट्ट्यात भागणार नाही.

पायरी २: कुठला हात

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा, दोन-दोनदा. ज्या हाताचा वरचा आकडा जास्त येतो, तो हात कायमचा ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. बहुतेकांच्या दोन हातांत थोडा फरक असतो, त्याचं काही नाही. पण दर वेळी १० पेक्षा जास्त फरक पडत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. तो कधीकधी रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण असतो.

*सावधान:* डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला (शिरेला धमनीचा जोड) केला आहे त्या हातावर पट्टा कधीही बांधू नका. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही टाळा.

पायरी ३: मोजण्याआधीचा अर्धा तास

चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम, जिना हे सगळं अर्धा तास आधी थांबवायचं. तंबाखू फक्त ओढलेली धरू नका. मळलेली तंबाखू, गुटखा, तपकीर सगळ्यात निकोटीन आहे. आपल्याकडे विशेष विसरली जाते ती मिश्री. सकाळी उठल्या उठल्या मिश्री लावायची आणि मग तोंड धुऊन बीपी मोजायला बसायचं, हा कित्येक बायकांचा रोजचा क्रम असतो. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला त्या प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासण्यात मोडते.

लघवीला जाऊन या. तुंबून धरल्यावर वरचा आकडा सहज दहाच्या आसपास चढू शकतो.

सकाळची मोजणी उठल्यावर तासाभरात, न्याहारीच्या आणि बीपीच्या गोळीच्या आधी. गोळी घेऊन मोजलं तर तिचा असर पुढच्या सकाळपर्यंत टिकतो की नाही, हे डॉक्टरांना कळणार कसं?

त्या आठवड्यात आणखी काय काय पोटात जातंय तेही बघा. गुडघेदुखीवरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणि नाक मोकळं करणारी सर्दीची औषधं बीपी चढवू शकतात. आणि घशासाठी चघळायचं ज्येष्ठमध. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २८ निरोगी माणसांना दोन आठवडे ज्येष्ठमध दिलं. त्यातल्या ग्लिसरायझिक आम्लाचं प्रमाण दिवसाला अवघं १०० मिलिग्रॅम होतं. घरी मोजलेला वरचा आकडा सरासरी ३.१ ने वाढला. ज्येष्ठमधाने शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम घटतं. दोन दिवस घसा बसला म्हणून कांडी चघळणं वेगळं आणि रोजच्या काढ्यात टाकणं वेगळं. बीपी असलेल्याने दुसरं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ४: बसणं, आणि हाताची जागा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

पाठीला टेका असलेली खुर्ची घ्या. दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले हवेत, एकमेकांवर टाकलेले नकोत. बुटक्या माणसाचे पाय लोंबत असतील तर खाली पाट द्या. पलंगाच्या कडेवर बसून मोजू नका, पाठ अधांतरी राहते. जमिनीवर मांडी घालून बसायची सवय असली तरी या पाच मिनिटांपुरती सोडा.

पट्टा उघड्या दंडावरच. पुरुषांचं ठीक आहे, शर्ट काढता येतो. बायकांच्या ब्लाउजची घट्ट बाही मात्र वर सरकवली की दंडावर तिचाच फास बसतो आणि त्याखाली पट्टा बांधला की मशीन काहीतरी भलताच आकडा देतं. मोजण्याच्या वेळी बिनबाह्यांचा किंवा ढगळ बाह्यांचा गाऊन घालणं सर्वांत सोपं. दंडात वाकी, गंडा किंवा ताईत असेल तर तो काढा. काढायचा नसेल तर पट्ट्याखाली येणार नाही असा वर सरकवा.

पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर. नळी किंवा बाणाची खूण हाताच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते तिच्यावर. घट्टपणा इतकाच की पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील.

आता हात. बाल्टिमोरमध्ये, पुन्हा जॉन्स हॉपकिन्समध्येच, १३३ प्रौढांचं बीपी तीन प्रकारे मोजलं: हात टेबलावर टेकवून, मांडीवर ठेवून आणि बाजूला लोंबता सोडून. निष्कर्ष २०२४ मध्ये आले. टेबलाच्या तुलनेत मांडीवरच्या हाताने वरचा आकडा ३.९ ने आणि खालचा ४ ने जास्त दाखवला. लोंबत्या हाताने वरचा ६.५ ने आणि खालचा ४.४ ने जास्त दाखवला. माणूस तोच, मशीन तेच. फक्त हाताच्या जागेमुळे १३० चे १३६ होतात.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. हात हृदयाच्या खाली गेला की तेवढ्या उंचीच्या रक्ताचं वजन पट्ट्याखालच्या दाबात मिळतं. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड आणि रक्त जवळजवळ पाण्याइतकंच, म्हणून दंड १० सेंटीमीटर खाली गेला की साधारण ७ ते ८ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब जास्त दिसतो. दंड वर गेला तर तितकाच कमी. शिवाय हात स्वतःच उचलून धरला तर स्नायू ताणले जातात आणि त्यानेही आकडा चढतो. म्हणून हात टेकलेला हवा, आणि तोही योग्य उंचीवर.

योग्य उंची म्हणजे पट्ट्याचा मध्य छातीच्या मधल्या हाडाच्या मध्याच्या रेषेत. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी किंवा जाड पुस्तकं. सोफ्याचा हात बहुतेक वेळा खाली पडतो, तिथे तक्क्या ठेवा. तळवा वर आणि बोटं सैल.

*तपासा:* घरातल्या कुणाला तरी बाजूने एक फोटो काढायला सांगा. पाठ, पाय, पट्ट्याची उंची या तीन गोष्टी फोटोत लगेच दिसतात. स्वतःला वाटतं ते आणि फोटोत दिसतं ते यात फरक निघतोच.

पायरी ५: पाच मिनिटं गप्प, मग दोनदा मोजणी

पट्टा बांधून, हात ठेवून, पाच मिनिटं नुसतं बसा. मोबाइल दूर ठेवा. मग बटण दाबा. आकडा आला की लिहा, एक मिनिट थांबा आणि पुन्हा बटण दाबा. पट्टा मध्ये काढायचा नाही.

बोलायचं नाही. "हं" सुद्धा नाही. बोलण्याने वरचा आकडा दहाच्या घरात हलू शकतो. आजूबाजूला आवाज आहे म्हणून मात्र मोजणी पुढे ढकलू नका. याच बाल्टिमोरच्या गटाने शांत खोली आणि गजबजलेली सार्वजनिक जागा यांची तुलना केली, २०२५ च्या सुरुवातीला ती प्रसिद्ध झाली आणि सरासरी आकड्यांत फारसा फरक निघाला नाही. मिक्सरचा आवाज चालेल. मिक्सर बंद कर म्हणून ओरडणं चालणार नाही.

पहिला आकडा जास्त आला की लोक चिडून लागोपाठ सात-आठ वेळा बटण दाबतात आणि त्यातला सर्वांत कमी आकडा वहीत लिहितात. ही फसवणूक स्वतःचीच. दोनदा मोजा, दोन्ही लिहा, मशीन बंद करा.

*सावधान:* नाडी अनियमित असेल तर मशीनचा अंदाज डळमळतो. अशा वेळी तीनदा मोजा आणि पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार येत असेल तर ईसीजी काढून घ्या. गर्भवतींनी गरोदरपणासाठी प्रमाणित असलेलंच मॉडेल वापरावं.

पायरी ६: सात दिवसांचा तक्ता

रोज सकाळी दोन आणि संध्याकाळी जेवणाआधी दोन. सात दिवसांचे २८ आकडे होतात. पहिल्या दिवसाचे चार सोडून द्या, कारण नवखेपणाने ते सहसा चढे येतात. उरलेल्या २४ ची सरासरी काढा, वरच्या आकड्यांची वेगळी आणि खालच्यांची वेगळी. सात दिवस जमलेच नाहीत तर निदान तीन दिवस मोजा.

एका दिवसाचं उदाहरण: सकाळी १३८/८४ आणि १३४/८२, संध्याकाळी १३१/८० आणि १२९/७९. वरच्यांची बेरीज ५३२, भागिले चार, १३३. खालच्यांची ३२५, भागिले चार, साधारण ८१. नुसता सकाळचा पहिला आकडा धरला असता तर १३८ म्हणून घरभर काळजी पसरली असती.

मशीन जे दाखवेल तेच लिहा, शेवटी शून्य लावू नका. मशीनमध्ये नवऱ्याचे आणि बायकोचे आकडे एकाच बटणाखाली साठत असतील तर मेमरीवर विसंबू नका, कागदावर लिहा. शेजारी एक रकाना ठेवा: रात्री झोप झाली नाही, गोळी चुकली, लग्नाला जाऊन आलो. डॉक्टर तो रकाना आकड्यांइतकाच बघतात.

सात दिवस झाले की थांबा. औषध बदललं नसेल आणि बीपी आटोक्यात असेल तर रोज मोजायची गरज नाही. पुढची सात दिवसांची मोजणी डॉक्टर सांगतील तेव्हा.

पायरी ७: सरासरी वाचणं

दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरी तीच १३५/८५ वर येते, कारण घरी माणूस सहसा निवांत असतो. अमेरिकी तत्त्वांत दोन्हीकडे १३०/८० धरलं जातं. भारतातल्या सरकारी उपचार कार्यक्रमात, म्हणजे २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हमध्ये, १४०/९० हीच रेषा आहे. तुमचं लक्ष्य किती हे वय, मधुमेह, मूत्रपिंड पाहून डॉक्टर ठरवतील. ते विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

दवाखान्यात चढं आणि घरी ठीक, किंवा दवाखान्यात ठीक आणि घरी चढं, असं दोन्ही होतं. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो दवाखान्यात कुणाच्या नजरेस येत नाही.

*सावधान:* १८०/१२० च्या वर आकडा आला तर आधी पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. त्यासोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, अचानक अंधारी येणं यातलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. काही त्रास नसेल आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेजारी कुणी जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून ठेवा म्हणाले तर ठेवू नका. त्याने बीपी एकदम कोसळून पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. गर्भवतींसाठी ही रेषा १६०/११० वर येते आणि तिथे थांबायला वेळ नसतो.

गोळी सकाळी की रात्री?

हा प्रश्न मोजणीच्या वहीतूनच उगवतो, कारण सकाळचे आकडे चढे दिसले की लोक आपल्या मनाने गोळी रात्रीवर नेतात. रात्री घेतलेल्या गोळीने हृदयविकार निम्म्याने टळतो असा दावा २०१९ मध्ये स्पेनमधून आला होता आणि तो संदेश अजून फिरतो आहे. नंतर ब्रिटनमधल्या २१,१०४ रुग्णांवरच्या अभ्यासात (२०२२) आणि कॅनडातल्या ३,३५७ रुग्णांवरच्या अभ्यासात (२०२५) सकाळ-रात्रीत फरक आढळला नाही. जी वेळ विसरली जात नाही ती खरी वेळ. बदलायची असेल तर डॉक्टरांना विचारून बदला, आणि सात दिवसांच्या मोजणीच्या मध्ये तर मुळीच बदलू नका.

सत्तरीच्या पुढे एक जादा मोजणी

म्हाताऱ्या माणसांत, मधुमेहात आणि नुकताच डोस वाढवलेल्यांत उभं राहून मोजणी करा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. उभ्याने मोजतानाही हात टेबलावर किंवा दुसऱ्याच्या हातावर हृदयाच्या उंचीला टेकलेला हवा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर तो घरी सोडून द्यायचा आकडा नाही. रात्री लघवीला उठताना पडणारी माणसं बहुतेकदा यातलीच असतात. ही मोजणी एकट्याने करू नका, शेजारी कुणीतरी उभं राहा.

डॉक्टरांकडे जाताना

वही, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि मशीनसुद्धा न्या. वर्षातून एकदा त्यांच्या उपकरणाशी ताडून बघा: त्याच हातावर, एकदा तुमचं, एकदा त्यांचं, पुन्हा तुमचं, मध्ये एकेक मिनिट. फरक ५ च्या आत असेल तर ठीक. १० च्या पुढे असेल तर आधी सेल बदला, पट्ट्याचं वेल्क्रो आणि नळीला कुठे चीर आहे का बघा आणि पुन्हा ताडा. वडिलांच्या मशीनची नळी खोक्यात कोंबून कोंबून बुडाशी चिरली होती. पट्टा हवा भरताना बारीक फुसफुस ऐकू येत होती, पण मोजताना ते बोलत असायचे.